भेंडीवरचा आळ

2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरून काढला, त्याच्या पुढच्या खरिपातली ही गोष्ट. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक होतो. पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. सकाळी सातला फोन आला, "साहेब, लवकर या. भेंडी उपटून ऱ्हायले लोकं."

पोचलो तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सात-आठ माणसं उभी. अर्धा एकर भेंडी, एका विधवा बाईंची. त्यावर त्यांचा आठवडी बाजार चालायचा. दोन ओळी उपटून झाल्या होत्या. शेजारचे भाऊ मला बघताच म्हणाले, "माह्या पऱ्हाटीत अळी हिच्या भेंडीतूनच आली. तुमीच त सांगतलं होतं, हे दोनी एकाच घरचे हायेत म्हनून!"

सांगितलं होतं, खरं आहे. जूनच्या सभेत मी झोकात बोललो होतो. कापूस, भेंडी, अंबाडी, दारची जास्वंद, धुऱ्यावरची पेटारी, सगळ्यांचं कूळ एक, माल्व्हेसी. जास्वंदीचं फूल फाडून मधली नळी दाखवली होती: पुंकेसर एकमेकांना जुळून झालेली आणि तिच्या आतून वर निघालेला स्त्रीकेसर. भेंडीच्या न् पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, फुलात हेच दिसेल म्हणालो. मग एकीवरची कीड दुसरीवर जगू शकते, असं सांगून मोकळा झालो. कोणती कीड, कधी, किती, हे सांगायचं राहिलं; जेवणाची वेळ झाली होती.

बाई काही बोलत नव्हत्या. उपटलेल्या झाडांच्या भेंड्या तोडून ओच्यात टाकत होत्या.

मी त्यांच्याकडूनच चार किडक्या भेंड्या मागून घेतल्या आणि चाकूनं उभ्या चिरल्या. तिसरीत अळी सापडली. मळकट तपकिरी, अंगावर ठिपके, बारीक काटेरी केस. तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. ही ठिपक्याची बोंडअळी. भेंडीचे शेंडे माना टाकतात ते हिच्यामुळे. कापसावरही येते, पण बीटी वाणात, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसात, तिचा फार जोर चालत नाही. गुलाबी अळी वेगळी. बीटीला न जुमानणारी तीच.

"मंग माह्याकडची कोनती?" भाऊंनी विचारलं.

त्यांच्या वावरात गेलो. दोन-तीन डोमकळ्या, म्हणजे गुलाबी अळी शिरल्यानं न उमललेली फुलं, लगेच दिसल्या, पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्यासारख्या, गुलाबाच्या मिटलेल्या कळीगत. वरून हिरवीगार बोंडं फोडल्याशिवाय पत्ता लागत नाही. अळी लहानपणी आत शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. भेंडीच्या बाजूची 20 बोंडं फोडली, एकात अळी निघाली. मग वावराच्या दुसऱ्या टोकाची, भाऊंच्या गोठ्याजवळची 20 फोडली. सहांत निघाली. विसात दोन किडकी म्हणजे फवारणीची वेळ आली, असा आमचा हिशेब. इथे तर तिप्पट.

लोकांच्या माना आपोआप गोठ्याकडे वळल्या.

गोठ्यामागे मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्यांची गंजी होती. पावसाळाभर चुलीला जाऊन उरलेली, तरी कमरेएवढी. काटक्यांना वाळकी, अर्धवट उमललेली बोंडं तशीच चिकटलेली. एका बोंडातली कवडी, म्हणजे किडका, न फुललेला कापूस, ओढून काढली. पिवळट, गच्च. तीत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. नखानं वेगळ्या केल्या तर आतून पोकळ, आणि एका बाजूला बारीक गोल भोक. उन्हाळाभर अळी अशा जोड सरकीत झोपून राहते. पाऊस पडला, नव्या पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या की तिचे पतंग होऊन उडतात. त्या गंजीतले कधीच उडून गेले होते.

त्यात भाऊंनी मागच्या साली विहिरीच्या पाण्यावर फरदड घेतली होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखली होती, मार्चपर्यंत. अळीला तेवढे दिवस खायला मिळत राहिलं. हे गावाला माहीत होतं, पण बोललं कोणी नाही. मीही वेचणीच्या वेळी दोनदा त्या वावरावरून गेलो होतो आणि काही बोललो नव्हतो.

गुलाबी अळी भेंडीवर जगतच नाही, असं मी म्हणालो नाही. जगते, म्हणून कापसाला लागून भेंडी नको, असं आम्ही सांगतोच. उलट ठिपक्याच्या अळीसाठी कापसाभोवती भेंडी सापळा म्हणून लावतात, हेही आहे. हे दोन्ही एका श्वासात सांगितलं तर समोरचा माणूस वैतागतो. सभेत मी एकच बाजू उचलली होती.

फवारणीची चिठ्ठी लिहून दिली. आदल्या वर्षी याच जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन माणसं दगावली होती, म्हणून मास्क, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा यावर औषधापेक्षा जास्त बोललो. मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणाऱ्या कामगंध सापळ्यातली वासाची गोळी जुलैपासून बदललेली नव्हती. ती बदलायला लावली. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फोन करा म्हणालो.

भाऊ गंजीकडे बघत होते. "हे जाळून टाकू म्हनता?"

"आता जाळून काय उपयोग? पुढच्या साली हंगाम संपला की बारीक करून खत करा."

"न् चूल कायच्यावर पेटवू?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारत होते. सिलिंडर घरात होतं, रिकामं. मी थोडा वेळ गप्प राहिलो, मग तालुक्याला पऱ्हाट्या बारीक करायचं यंत्र भाड्यानं मिळतं का ते बघतो, एवढंच म्हणालो.

निघताना बाईंनी पिशवीभर भेंडी माझ्या गाडीच्या हँडलला अडकवली. पैसे घेईनात. "उपटलेल्याच हायेत," म्हणाल्या, "इकायच्या लायक नाही राहिल्या. चिरून पाहून घ्याल मातर."