ब्लँकेटचा तुकडा काढायचा की ठेवायचा?

अमेरिकेतल्या एका संग्रहालयात मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. कपडे धुऊन-पुसून काचेच्या कपाटात लावायचे, एवढंच काम असं लोकांना वाटतं. आम्ही होता होईतो धुतच नाही. मळ हा पुरावा असतो.

मध्यंतरी एका कुटुंबाने आजोबांचं जॅकेट आणून दिलं. सोबत चिठ्ठी: ‘नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर घातलेलं’. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्या तो हा किनारा. चार मोठे खिसे, चेनऐवजी पट्टीआड दडलेली बटणं, कमरेला आतून नाडी, दाट विणीचं गडद हिरवं सॅटीन. म्हणजे एम-१९४३, अमेरिकी लष्कराचं त्या वेळचं नवं जॅकेट. पण जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी पायदळाच्या अंगावर साधारणपणे आधीचं आखूड, फिकट, आतून लोकरी अस्तराचं जॅकेट होतं. नव्याची परीक्षा त्या वर्षी इटलीत, अँझिओला, थर्ड इन्फन्ट्री डिव्हिजनने घेतली. फ्रान्समधल्या जवानांना ते मोठ्या प्रमाणावर मिळालं पुढे, थंडीच्या तोंडावर. म्हणजे चिठ्ठीतलं नॉर्मंडी बहुधा खरं नाही.

पण माझी झोप उडवली ती आतल्या बाजूने. पाठीला, दोन खांद्यांच्या मधोमध, लष्करी ब्लँकेटचा वीतभर तुकडा हाताने टाचलेला. ही नंतरची दुरुस्ती, काढून टाकली की नमुना ‘स्वच्छ’ होईल, असं आमच्या क्युरेटरांचं मत. नमुन्यांची यादी पुरी करण्याच्या नादात माणूस पुसून टाकायची ही खोड मला मुळीच पटत नाही.

मी जॅकेट सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. टाके बाहेरच्या कापडापर्यंत आले होते. दोऱ्याच्या पिळात चिखलाचे बारीक कण रुतलेले आणि टाका सुईने जरासा उचलला तर खालचं कापड कोऱ्यासारखं हिरवं. म्हणजे आधी टाके, मग चिखल. हे ठिगळ घरी परतल्यावरचं नाही.

या जॅकेटला जाड अस्तर मुद्दामच दिलं नव्हतं. वारा बाहेरचं कापड अडवेल आणि ऊब आतल्या स्वेटर-लोकरीच्या थरांतून मिळेल, असा क्वार्टरमास्टर कोरचा, म्हणजे लष्कराच्या पुरवठा विभागाचा, हिशेब. हिशेब उत्तम होता. पण थर पोचले तर! १९४४ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्समधल्या अमेरिकी फौजांचे सेनानी जनरल ब्रॅडली यांनी दारूगोळा आणि पेट्रोल पुढे काढलं, थंडीचे कपडे मागे ठेवले. हे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. त्या हिवाळ्यात हजारो जवान ट्रेंच फूटने, म्हणजे गारठ्यात-ओलीत पाय सडण्याच्या विकाराने, आघाडीवरून मागे न्यावे लागले. या माणसाला आतले थर मिळाले नसावेत, म्हणून त्याने ब्लँकेट कापलं, असं मला वाटतं.

नातवाला फोनवर नॉर्मंडीचं सांगितलं तेव्हा तो हिरमुसला. तुकड्याचं सांगितल्यावर मात्र त्याने विचारलं, “शिवण त्यांच्याच हाताची का?” ते कापडावरून ठरत नाही, हेही सांगावं लागलं.

क्युरेटरांचा निर्णय व्हायचाय. टाक्यांचे सगळे फोटो अहवालाला जोडलेत, आणि जॅकेट उघडं ठेवून मागे आरसा लावायची मांडणी सुचवली आहे.