"त्याने काहीतरी केलंच असेल"

नायजेरियात सार्स नावाचं पोलिसांचं एक पथक होतं, १९९२ मध्ये दरोडेखोरांसाठी काढलेलं, पण पुढे पुढे ते रस्त्यात साध्या पोरांनाच धरायला लागलं. चांगला फोन, पाठीवर लॅपटॉप, वाढवलेले केस, बस, म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉडवालाच, टाक गाडीत. मग मारहाण, आणि सुटायचं तर एटीएमवर नेऊन पैसे काढायला लावायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका व्हिडिओवरून लोक भडकले, पोरंपोरी रस्त्यावर आली. ११ तारखेला पथक बरखास्त केल्याचं जाहीर झालं तरी ती हटली नाहीत, कारण असल्या घोषणा त्यांनी आधीही ऐकल्या होत्या. २० तारखेच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर दिवे गेले, लोक झेंडे घेऊन राष्ट्रगीत म्हणत बसलेले आणि सैन्याने गोळ्या झाडल्या. राज्य सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीने पुढे त्याला हत्याकांड म्हटलं.

त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये इथे इंदूरला आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा वडिलांच्या गोळ्या आणायला निघाला होता, डॉक्टरची चिठ्ठी खिशात, ती काढायच्या आत काठ्या बसल्या. पाठीवर बोटाएवढे जाड वळ, शर्ट चिकटलेला, काकू कोमट पाण्याने तो जरा जरा करून सोडवत होत्या. आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर काय? "पोलीस तरी काय करणार, लोक ऐकतच नाहीत ना." मला त्या मेसेजचा अजूनही राग येतो, काठीपेक्षा जास्त.

१८५७ नंतर लोकांना धाकात ठेवायला इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, आणि त्याच १८६१ मध्ये लागोस ताब्यात घेऊन तिथेही हत्यारबंद गार्ड उभे केले. आपण १९४७ मध्ये सुटलो, ते १९६० मध्ये, पण ठाण्याची पायरी चढताना साधा माणूस दोन्हीकडे घाबरतोच.

कोठडीतल्या मृत्यूंबद्दलच्या डी.के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये स्पष्ट सांगितलंय, अटकेचा मेमो करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करा. किती घरांत हे माहिती आहे? १९९७ मध्ये भारताने छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही, आणि छळाविरुद्ध वेगळा कायदाही नाही.

मॅच जिंकली की इंदूरच्या राजवाड्यावर मध्यरात्री पाय ठेवायला जागा नसते. या कायद्यासाठी आपण पन्नास जण तरी जमूच शकतो, मी येणार आहे, कोण कोण येतंय ते सांगा.