एएनए पॉझिटिव्ह आल्यानंतर

सकाळी बोटं आखडलेली असायची आणि कितीही झोपलं तरी थकवा जात नव्हता. फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्ततपासण्यांत एएनए होती. रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, १:३२०, स्पेकल्ड. खाली बारीक अक्षरांत आजारांची यादी, त्यात ल्युपस पहिला, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. संधिवाततज्ज्ञांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दिवस फार जड गेले. त्या दिवसांत कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज. लॅबमध्ये रक्तातलं सीरम काचपट्टीवरच्या मानवी पेशींवर टाकतात, मग चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी झळाळी दिसते का बघतात. सीरम दर वेळी दुप्पट पातळ करत जातात: १:८०, १:१६०, १:३२०. झळाळी जिथपर्यंत टिकते तो तुमचा टायटर. म्हणजे १:१६० आणि १:३२० यांत फरक फक्त एका पायरीचा, आणि तेच रक्त पुन्हा तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो. स्पेकल्ड म्हणजे झळाळी ठिपक्याठिपक्यांची दिसली. हा प्रकार बऱ्याच आजारांत दिसतो आणि निरोगी माणसांतही.

निरोगी माणसांत किती? १९९७ साली बऱ्याच लॅबनी मिळून केलेल्या अभ्यासात १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले होते. हे आकडे रिपोर्टवर छापायला हवेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

संधिवाततज्ज्ञांनी रिपोर्ट पटकन बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारत राहिल्या. उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात का, तोंडात फोड येतात का, थंडीत बोटं पांढरी पडतात का? कोरडा घास गिळताना पाणी लागतं का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? शेवटच्या दोन्हींना मी हो म्हटलं. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण सांध्यांशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

मग पुढच्या तपासण्या. अँटी-डीएसडीएनए आणि अँटी-एसएम ल्युपससाठी; दोन्ही निगेटिव्ह. सी३, सी४ ही प्रतिकारशक्तीशी संबंधित रक्तातली प्रथिनं नॉर्मल. लघवीतलं प्रोटीनही तपासलं, कारण मूत्रपिंडाला सूज असली तरी दुखत नाही. आरए फॅक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सहसा सापडणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आला आणि पुन्हा पोटात गोळा आला. पण अँटी-सीसीपी ही दुसरी अँटीबॉडी निगेटिव्ह होती, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताकडे जास्त खात्रीने बोट दाखवते ती हीच. ईएनए प्रोफाइलमध्ये, म्हणजे केंद्रकातल्या नेमक्या कोणत्या घटकांविरुद्ध अँटीबॉडीज आहेत ते बघणाऱ्या तपासणीत, मात्र एसएसए, म्हणजे रो नावाची अँटीबॉडी, ठळक पॉझिटिव्ह.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत गाळण कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटायला सांगितले. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. माझी तीनच मिलिमीटर भिजली. तिथे चित्र जुळलं: शोग्रेन सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते आणि डोळे, तोंड कोरडं पडतं तो आजार. आरए फॅक्टरचं कोडंही सुटलं, कारण शोग्रेनच्या साधारण निम्म्या रुग्णांत तो पॉझिटिव्ह असतो.

आता डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घालते आणि प्रतिकारशक्ती शांत ठेवणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेते. या गोळीसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला केली, पुढेही करत राहायची आहे. बाळाचा विचार असेल तर आधीच सांगा, असंही डॉक्टर म्हणाल्या. रो अँटीबॉडी वारेतून गर्भापर्यंत पोचते आणि १ ते २ टक्के गर्भांत हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे गरोदरपणात जास्त लक्ष ठेवावं लागतं.

एएनए पुन्हा करायची नाही. तिचा आकडा आजारासोबत वरखाली होत नाही. ल्युपसमध्ये डीएसडीएनए पुन्हा पुन्हा बघतात, ती गोष्ट वेगळी.

धाकट्या बहिणीने विचारलं, ‘ताई, मीपण करून घेऊ का?’ तिला काहीच त्रास नाही. डॉक्टर म्हणाल्या, नको. सांधे, त्वचा, डोळे, तोंड यांपैकी कशाची तक्रार सुरू झाली, तर तेव्हा बघू.