झोपलेला कांदा

ओट्याखालच्या जाळीच्या टोपलीत काय काय असतं? कांदे, बटाटे, लसणाचे दोन गड्डे आणि कोणीतरी आणून विसरलेलं आलं. घरी पाहुणे आले की आपण त्यांना देवघर दाखवतो, गॅलरीतली जास्वंद दाखवतो. टोपली कोणी दाखवत नाही. माझं मत विचाराल तर घरातली खरी बाग तीच. फ्रिजमधली भेंडीसुद्धा खुडल्यावर श्वास घेत असते, नाही असं नाही. पण ती उतरणीला लागलेली असते. कांद्याचं तसं नाही. त्याचा पुढचा बेत ठरलेला असतो.

श्रावणाच्या सुमाराला असा बेत अमलात आणलेला एखादा कांदा हाती लागतोच. शेंड्यातून बोटभर हिरवा कोंब, अंग दाबलं तर किंचित मऊ. आपण कांदा एकतर चिरतो नाहीतर चकत्या करतो; हा मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत उभा कापून बघावा. बुडाशी नखाएवढी टणक, पांढुरकी चकती दिसते. तेच त्याचं खोड, आणि सगळं खोड तेवढंच. खाली सुकलेल्या मुळांचा झुपका, वर एकात एक बसलेले पापुद्रे. हे पापुद्रे म्हणजे पानांची बुडं, साखर आणि पाणी साठवून फुगलेली. अगदी मधोमध पिवळसर हिरवा अंकुर, कधी एक, कधी दोन. कोंब जसजसा तरारतो तसतसे भोवतीचे पापुद्रे रबरासारखे ढिले पडत जातात, कारण त्यांचाच साठा आत चाललेला असतो. असा कांदा खायला काही हरकत नाही. फक्त आपण दुसऱ्याच्या शिदोरीत हात घालतोय, एवढं ध्यानात ठेवावं.

ही शिदोरी कशासाठी, तर फुलण्यासाठी. कांद्याचं आयुष्य दोन टप्प्यांचं. पहिल्यात तो गाठ धरतो, मग झोपतो; दुसऱ्यात थंडी अंगावर घेतो आणि दांडा काढून फुलतो. गाठ कधी धरायची हे तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. आपल्याकडच्या वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो, उत्तर युरोपातल्या वाणांना चौदा-सोळा तास लागतात. तिथलं बियाणं निफाडात टाकलं तर पात हवी तेवढी मिळेल, कांदा मात्र धरणार नाही. थंडीचं गणित त्याहून नाजूक. निफाडचा पारा दर हिवाळ्यात घसरून बातमीत येतो, आणि रोपं मोठी असताना थंडी रेंगाळली की काही कांद्यांना वाटतं, झालं, दुसरा टप्पा लागला. मग शेतातच डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. डेंगळा आलेला कांदा मधून दांड्यासारखा पोकळ होतो, टिकत नाही, आणि लिलावात त्याला कोणी विचारत नाही.

माझ्या मामाचं शेत निफाड तालुक्यात. उन्हाळ कांदा करतो. मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्याअधिक पातीच्या माना पडल्या की काढणी सुरू. मान पडणं म्हणजे पात आणि कांदा यांच्यामधला भाग मऊ पडून पात आडवी होणं. आता वरून खाली काही यायचं नाही आणि खालून वर काही जायचं नाही. काढलेला कांदा पातीसकट शेतातच सुकवायचा, मग खांडणी करायची. मजूर बाया विळ्याने पात उडवताना मानेचा बोटभर तुकडा राखतात. तो सुकून पिळला की कांद्याचं तोंड बंद होतं आणि बुरशीला आत जायला वाट उरत नाही. मग गोलटी म्हणजे बारका कांदा वेगळा, जोडकांदा वेगळा, आणि निवडक माल कांदा साठवायच्या चाळीत.

चाळीत शिरलं की आधी वास येतो, मग ऊब लागते. ऊब उन्हाची असते तशी कांद्याचीही असते. हजारो जीव श्वास घेतायत: साखर जाळतायत, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतायत. म्हणून तर चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला आणि भिंती फटी ठेवून बांधलेल्या. वारा खेळला नाही तर स्वतःच्याच वाफेने माल नासतो. चार-सहा महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तिसरा हिस्सा माल जाणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट. मामा म्हणतो, "अगं, झोपलाय तोवर आपला. जागा झाला की आपला नाही."

गंमत म्हणजे त्याला झोपवून ठेवतो तो नाशिकचा उन्हाळा. मला कित्येक वर्षं वाटायचं, थंडाव्यात कांदा टिकत असेल आणि उकाड्यात कोंब फुटत असतील. प्रत्यक्षात कोंब सगळ्यात जोमाने फुटतात ते दहा ते वीस अंशांच्या दरम्यान. शून्याच्या जवळ तो गप्प राहतो, आणि पंचवीस-तीसच्या घरातही गप्प राहतो. दुसऱ्या तऱ्हेत वजन घटतं एवढंच. म्हणून शीतगृह नसतानाही आपल्याकडची चाळ चालते. पाऊस सुरू झाला, हवा निवली, दमट झाली, की त्याची झोप चाळवते. घरचा फ्रिज त्याला मानवत नाही तो याचसाठी: गारवा पुरेसा नाही आणि ओल भरपूर.

नेमकी याच सुमाराला आषाढ शुद्ध नवमी येते, कांदेनवमी. चातुर्मास पाळणारी घरं भजी, थालीपीठ, भरले कांदे करून एकदाचा निरोप घेतात. आमच्याकडे चातुर्मास कोणी पाळत नाही, कांदेनवमी मात्र निष्ठेने पाळली जाते. दुसऱ्या दिवशी पोट धरून बसणारेही असतात, आणि त्यांचं पोट खोटं बोलत नाही. कांदा बटाट्यासारखा पिठूळ साठा करत नाही. त्याच्या साठ्यात साखरेबरोबर फ्रुक्टान नावाच्या साखळ्या असतात. त्या तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. भजी आपण खाल्ली, मेजवानी त्यांची, वायू दोघांचा.

कांद्याची झोप लांबवण्याचा एक उपाय लासलगावात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तिथे ‘कृषक’ नावाचा प्रकल्प उभारला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून कांदा न्यायचा, मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). माणसाच्या अख्ख्या शरीराला चार-पाच ग्रे बसले तर जिवावर बेततं. कांदा मात्र तसाच्या तसा बाहेर येतो. कारण किरणांचा फटका बसतो तो ज्या पेशींना विभागायचं आहे त्यांना, म्हणजे मधल्या अंकुराला. पापुद्र्यांच्या पेशींचं वाढणं केव्हाच संपलेलं, त्या आपला साठा सांभाळत बसून राहतात. अंकुर तेवढा जागच्या जागी थांबतो. कापल्यावर मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर तो त्याचाच. कांदा किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न मला भाजीबाजारात गंभीरपणे विचारला गेला आहे. होत नाही. उन्हात वाळवलेली मिरची रात्री उजेड देत नाही, तसंच.

मारा कुठे होतो, तर डीएनएवर, आणि तो कांद्याकडे बक्कळ आहे. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटींच्या वर अक्षरं, कांद्याच्या संचात सुमारे सोळाशे कोटी. पाचपट! रायन ग्रेगरी या कॅनेडियन जीवशास्त्रज्ञाने २००७ मध्ये यावरून एक कसोटीच मांडली: सगळा डीएनए काही ना काही कामाचाच असतो असं म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं, की कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए कशाला लागतो? उत्तराचा बराचसा भाग असा, की त्यात पुन्हा पुन्हा उतरलेला तोच तो मजकूर फार आहे. आमच्या काही नातेवाइकांच्या फोनवरच्या बोलण्यालाही ही कसोटी लावून पाहावी असं मला वाटतं, पण ते असो.

आता कापण्याकडे वळू. डोळ्यांत जाणारा पदार्थ अख्ख्या कांद्यात नसतोच. तो आपण तयार करतो, सुरीने. पेशीत एका जागी गंधकयुक्त द्रव्य असतं आणि शेजारच्या पिशवीत अ‍ॅलिनेज नावाचं विकर. दोघं भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखी भिंतीला भिंत लावून राहतात, बोलत नाहीत. सुरीने भिंत पाडली की गाठ पडते आणि जे व्हायचं ते होतं. बरीच वर्षं समजूत अशी होती, की या एका विकराने काम भागतं, पुढचं आपसूक घडतं. जपानमध्ये करीची तयार पाकिटं विकणाऱ्या हाउस फूड्स कंपनीतले शिन्सुके इमाई आणि सहकारी यांनी २००२ मध्ये दाखवलं, की मध्ये आणखी एक विकर आहे आणि त्याचं काम जवळपास आपल्याला रडवणं एवढंच. त्यांना २०१३ मध्ये इग्नोबेल मिळालं, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. लसणात गंधक भरपूर, पण तो रडवत नाही. हे दुसरं विकर तिथे तसं काम करत नाही.

उडालेली वाफ डोळ्याच्या पारदर्शक पटलापर्यंत पोचते. तिथे चेतातंतूंची दाटी इतकी, की पापणी लवायच्या आत मेंदूला वर्दी जाते आणि अश्रुग्रंथी पाणी सोडते. डोळा धुऊन काढण्याची ही साधी व्यवस्था. विल्यम फ्रे या अमेरिकन संशोधकाने १९८१ मध्ये कांद्याने आलेलं पाणी आणि दुःखी सिनेमा बघून आलेलं पाणी वेगवेगळ्या नळ्यांत गोळा करून तपासलं होतं; सिनेमाच्या पाण्यात प्रथिनं जास्त निघाली. (इथे कांद्याच्या भावावर आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांवर एक कोटी करायची रीत आहे. ती मी करत नाही. मामाने ती इतक्या वेळा ऐकलीय, की आता तो हसायचं नाटकही करत नाही.)

उपाय सांगणारे घरोघरी. माझी आत्या दातात काडेपेटीची काडी धरायला सांगायची, शेजारच्या काकू तोंडात पाण्याची गुळणी धरतात. मला त्यातलं एकच पटतं: सुरीला धार लावा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०२५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने कांदा कापतानाचं चित्रण केलं. बोथट पातं आधी पापुद्रा दाबतं, आत दाब साठतो, आणि साल फुटताच बारीक तुषार उडतात. धारदार पात्याखाली तुषार कमी आणि संथ. आमच्या भागातल्या एका मिसळवाल्याकडे सकाळी गोणीच्या गोणी कांदा चिरणारा पोऱ्या हे कुठलंही संशोधन न वाचता करतो. दर थोड्या वेळाने सुरी दगडावर दोनदा ओढतो, पंखा पाठीमागून लावतो, आणि मूळ शेवटपर्यंत कापत नाही. "दादा, डोळ्यांना काही होत नाही का?" विचारलं तर म्हणाला, "होतं की ताई. पण रडायला वेळ कुठंय, साडेसातला गिऱ्हाईक बसतं."

भिंत पडल्याशिवाय काहीच घडत नाही, हे एकदा कळलं की खिशातल्या कांद्याचं काय करायचं ते आपलं आपण ठरवता येतं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून लग्नाला जाणारे लोक आजही नाशिकच्या मे महिन्यात भेटतात. अख्खा कांदा खिशात काय करतो? झोपतो. छान ऊब असते. उष्माघात टाळायला पाणी, सावली आणि दुपारी घरात बसणं हेच लागतं. आणि माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर कांदा हुंगवत न बसता अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. चिरलेला कांदा खोलीत ठेवला की हवेतले जंतू शोषून घेतो, ही दुसरी बातमी. कांद्याला तेवढी हौस नाही.

मला जास्त रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत: रडवणारा कांदा आणि टिकणारा कांदा बहुधा एकच असतो. तिखटपणा येतो गंधकातून. जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा गोड होतो. अमेरिकेतल्या जॉर्जियात व्हिडालिया भागात तसा पिकतो आणि सफरचंदासारखा खातात म्हणे लोक. पण असा पाणीदार गोड कांदा फार दिवस ठेवता येत नाही. आपला उन्हाळ कांदा आतून घट्ट, पाण्याने कमी, गंधकाने जास्त, वर कोरड्या लाल सालीची दोन-तीन वेष्टणं. रंगीत सालीतली काही द्रव्यं बुरशीला रोखतात, हे वॉकर आणि लिंक या जोडीने विस्कॉन्सिनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या सुमाराला शोधून काढलं. पांढऱ्या कांद्याला ती मिळत नाहीत आणि तो काही रोगांना लवकर बळी पडतो. हाउस फूड्सने २०१५ मध्ये न रडवणारा कांदा बाजारात आणला तेव्हा मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. त्याने एकच विचारलं, "चाळीत किती दिवस राहील?"

मामाची परीक्षा प्रयोगशाळेत बसणारी नाही. गेल्या मोसमात चाळ भरताना तो प्रत्येक ढिगातला एकेक कांदा उचलायचा, मुठीने फोडायचा आणि मधला भाग कच्चाच चावायचा. तिसऱ्या ढिगापाशी त्याचे डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, आणि खुशीत येऊन त्याने तो ढीग अगदी आतल्या कप्प्यात भरायला सांगितला, दिवाळीच्या बाजारासाठी. पुढच्या ढिगातला कांदा त्याने शांतपणे चावून संपवला, मीठ मागितलं, आणि म्हणाला, "हा गोड आहे. उद्याच्या लिलावाला घाल." मामीने त्याच्याकडे बघून आधी तोंड धुऊन या, मग काय ते घाला, असं सांगितलं.