पगाराचं विचारलं तर आवड कमी होते का?

नर्सिंगला का आलात असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो. नोकरी लवकर लागते असं ऐकलं होतं, घरात कमावणारं आणखी एक माणूस हवं होतं आणि मार्क बसत होते. हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडतो. त्यांना लहानपणीची एखादी गोष्ट हवी असते: आजारी आजी, तिच्या उशाशी बसलेला मी, आणि तिथेच काय ते ठरलं वगैरे. माझी आजी ठणठणीत होती.

सॉफ्टवेअरवाल्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू कोडच्या प्रेमापोटी आलास की पॅकेजसाठी? नर्सला मात्र पैसा की आवड यातलं एकच काय ते सांगायला लावतात. चुकून पैसा म्हटलं, तर लोकांना लगेच पेशंटची काळजी वाटायला लागते.

मी पुरुष असल्यामुळे यातली एक गंमत फार जवळून बघितली आहे. वॉर्डात मला सगळे ब्रदर म्हणतात. पगारवाढीचं बोलणं निघालं की माझ्याबद्दल म्हणतात, "त्याचंही बरोबर आहे, संसार आहे त्याला." माझ्याबरोबर नाईट करणारी सिस्टर तेच बोलली की, "अहो सिस्टर, तुम्हीच पैशाचं काढलंत तर पेशंटनी बघायचं कोणाकडे?" संसार तिलाही आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त तीच तो ओढते. जगातल्या नर्सेसपैकी सुमारे ९० टक्के बायका आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अहवाल सांगतो. 'आवड आहे ना, मग पैसे कशाला' हे याच पेशात इतकं बिनबोभाट का खपतं, याचं निम्मं उत्तर मला तरी त्या आकड्यात दिसतं.

दरवर्षी १२ मेला, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या वाढदिवशी, परिचारिका दिन होतो. भाषणं होतात. रात्री जखमी सैनिकांना बघायला जाताना त्यांच्या हातात असायचा तो दिवा भाषणात येतोच. वडिलांनी त्यांना लावून दिलेले वर्षाचे ५०० पौंड मात्र कधीच येत नाहीत. १८५३ साली लंडनमधल्या एका रुग्णालयाचा कारभार त्यांनी पगार न घेता बघितला, तो त्या पैशांच्या आधारावर. यात त्यांचा कमीपणा काहीच नाही. क्रिमियन युद्धानंतर मृत्यूंच्या आकड्यांवर त्यांनी जे काम केलं, त्यापुढे मी तरी हातच जोडतो. पण १८६० साली सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाच्या निधीतून शाळा सुरू झाली, तेव्हा तिथे शिकणाऱ्या मुलींना राहणं, जेवण, गणवेश आणि वर थोडे पैसेही मिळत. म्हणजे बाईंना स्वतःला पगार लागत नव्हता, पण बाकीच्यांना लागतो हे त्यांना नीट ठाऊक होतं. भाषण करणाऱ्यांनी हा भागही वाचला तर बरं होईल.

मला त्याच युद्धातली दुसरी बाई जास्त जवळची वाटते. मेरी सीकोल, मूळच्या जमैकाच्या. सरकारी नर्सेसच्या तुकडीत त्यांना घेतलं नाही, तर त्या स्वतःच्या पैशाने क्रिमियाला गेल्या आणि १८५५ साली बालाक्लावाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' नावाचं ठिकाण उभं केलं. तिथे त्या अधिकाऱ्यांना खाणंपिणं आणि सामान विकायच्या, आजारी सैनिकांना औषधं द्यायच्या, आणि जखमींना बघायला थेट रणांगणाजवळही जायच्या. गल्ल्यावर बसणारी आणि जखम बांधणारी बाई एकच. पुढच्या वर्षी युद्ध संपलं, माल अंगावर पडला आणि त्यांचं दिवाळं निघालं. नंतर त्यांच्यासाठी निधी गोळा करायला सैनिक पुढे आले. दुकान चालवत होती म्हणून ही बाई आपली नव्हे, असं काही त्या सैनिकांना वाटलं नाही.

हा वाद अर्थशास्त्रातही झालेला आहे. २००५ साली अँथनी हेज या अर्थशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नर्सचा पगार वाढवला तर ज्यांना या कामाची ओढ नाही असे लोकही आत येतील, आणि एकूण दर्जा घसरेल. पुढच्याच वर्षी ज्युली नेल्सन आणि नॅन्सी फोल्ब्रे यांनी त्याला उत्तर दिलं: चांगला पगार मिळणारी नर्सच जास्त चांगली. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, पण हेजसाहेबांच्या हिशेबात एक गोष्ट गृहीतच धरलेली दिसते: ओढ असलेल्याला घरभाडं नसतं. प्रत्यक्षात कमी पगारावर टिकतं कोण? ज्याला घरून आधार आहे, किंवा ज्याला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही. यातल्या कोणाला आवड जास्त असेलच असं नाही.

माझ्या बॅचच्या एकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला बाहेर जायचंय, तिकडे पगार चांगला आहे, बाकी मला काही विचारू नका." त्याच्याइतकी शीर कोणाला सापडत नसे. किमोचे पेशंट, म्हातारी माणसं, सतत टोचून टोचून शिरा बसलेल्या, सगळ्यांसाठी त्यालाच बोलवायचे. तो आधी हात कोमट पाण्याच्या कापडात गुंडाळून ठेवायचा, मग खाली लोंबता सोडायला सांगायचा, बोटाने दाबून शीर उसळी घेते का बघायचा. घाई नाही. पहिल्या टोचण्यात कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी, गेली की स्वतःशीच हसायचा. त्याला आवड होती की नव्हती? त्याच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. आणि "मला लोकांची सेवाच करायची होती" म्हणत आलेल्या दोघी-तिघी पहिल्या वर्षातच सोडून गेल्या. वाईट नव्हत्या त्या. उलट जास्त लावून घ्यायच्या, आणि त्यांच्या त्या लावून घेण्यावर सगळं वॉर्ड ओझं टाकायचं. डबल ड्यूटी कोण करेल? तिला विचारा, ती नाही म्हणत नाही.

आता आवडीचं खरं काम कुठे पडतं ते सांगतो.

पहाटे तीनच्या सुमाराला व्हायटल्स घ्यायच्या असतात. बीपी मशीन सांगतं, ताप थर्मामीटर सांगतो, ऑक्सिजन बोटाला लावलेला प्रोब सांगतो. जनरल वॉर्डात श्वास मात्र आपल्यालाच मोजायचे असतात. मोजतोय हे कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं भासवून मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट. पांघरूण जाड असेल तर पोटावर अलगद हात. आणि या मिनिटाची सगळ्यात वाईट गोष्ट ही, की न मोजता चार्टवर २० लिहून टाकलं तर कोणालाही कळत नाही. जुने चार्ट चाळून बघा, वॉर्डभरचे पेशंट एकतर १८ ने श्वास घेत असतात नाहीतर २० ने. कवायत चालू असल्यासारखे.

तब्येत बिघडायला लागली की श्वासाचा वेग फार लवकर बदलतो, बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या न्यूज स्कोअरमध्ये (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे तब्येत बिघडतेय का ते व्हायटल्सना गुण देऊन ओळखायची पद्धत) मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास झाले की त्या एकाच गोष्टीला पुरे ३ गुण मिळतात. एका खुणेला याहून जास्त गुण मिळतच नाहीत. एका रात्री संध्याकाळच्या चार्टवर २० असलेल्या एका काकांचे श्वास मी मोजले, ते २८ भरले. बीपी बरं, ऑक्सिजन बरं, काका म्हणतात मला झोपू द्या. डॉक्टरांना उठवलं. ते जरा वैतागत आले आणि काकांच्या छातीला स्टेथो लावल्यावर वैताग गेला. निमोनिया होता. तासाभरात काकांना आयसीयूत हलवलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते सांगता येणार नाही.

ते मिनिट मला कोणी जादा पैसे देऊन विकत घेतलेलं नाही. श्वासामागे इतके पैसे असा दर लावला तर चार्टवर आकडे भरपूर येतील, श्वास मोजले जातीलच असं नाही. इथवर 'आवड' म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पण त्या रात्री माझ्याकडे सहा पेशंट होते. सहा पेशंट, सहा मिनिटं. अठरा असते तर अठरा मिनिटं. त्याच वेळात एकाची सलाईन संपलेली, एक बाथरूमला निघालेला आणि पडेल अशी भीती, शिवाय दर दोन तासांनी कूस बदलायचे पेशंट वेगळे, तेही एकट्याने जमत नाही, चादर धरायला समोरून दुसरं माणूस लागतं. अशा रात्री आवड असलेला माणूससुद्धा २० लिहितो. मी लिहिलेलं नाही असं सांगितलं तर माझ्या वॉर्डातलेच हसतील.

नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या पेशंटबद्दलचा. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली, आणि नर्स कामाने पार पिळून निघण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. दुसरा आकडा मी दोनदा वाचला. म्हणजे आवड जाते कुठे, याचा पत्ता त्यात आहे. पगारपत्रकात ती हरवत नाही, ड्यूटीच्या यादीत हरवते.

म्हणून पैसा विरुद्ध आवड ही मांडणीच मला पटत नाही. माझी आवड वापरायला मला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे वॉर्डातलं आणखी एक माणूस, ज्याचा पगार कोणीतरी द्यायला हवा. माझ्या पगाराइतकाच मला त्या न भरलेल्या जागेचा पगार महत्त्वाचा वाटतो. फुकट टाळ्या मिळाल्या की ही जागा आणखी थोडे दिवस रिकामी ठेवता येते, हेही बघितलं आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ सालीच नर्सेससाठी वेगळा करार केला आहे, क्रमांक १४९. त्यात कामाचे तास, ओव्हरटाइम, पाळ्या, आठवड्याची सुट्टी, बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा या बाबतीत नर्सला बाकी कामगारांच्या किमान बरोबरीचं मिळावं असं लिहिलं आहे. किमान बरोबरीचं, एवढंच. ज्या देशांनी तो स्वीकारला नाही तिथल्या नर्सेसनाही तो दाखवायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "ब्रदर, इंटरव्ह्यूत पगाराचं विचारलं तर वाईट दिसेल का?" मी म्हटलं, बेधडक विचार, पण त्याच दमात आणखी दोन गोष्टी विचार: रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात, आणि कोणी रजेवर गेलं तर त्यांच्या जागी कोण येतं. तिने विचारलं. समोरच्यांनी पगाराचा आकडा लगेच सांगितला. पेशंटच्या आकड्यावर मात्र, "ते बघू, ॲडजस्ट होतं सगळं." ती आता दुसरीकडे अर्ज भरते आहे.