आधी हवा, मग पोट: स्क्वॉटच्या श्वासाची सहा आठवड्यांची नोंद

स्क्वॉट म्हणजे वजनाचा बार खांद्यांवर घेऊन बैठक मारणं. त्यात आधी श्वास भरायचा की आधी पोट ताठ करायचं, हा क्रम या सहा आठवड्यांत तपासायचा होता. बहुतेकांचा तो उलटा असतो. पोट आधी आवळलं की श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) खाली उतरायला जागाच उरत नाही, हवा छातीच्या वरच्या भागात अडकते आणि खांदे कानांकडे चढतात. खांद्यांबरोबर वर टेकलेला बारही हलतो.

आठवडा १, वजन शून्य. रोज ५ मिनिटं मकरासन: पालथं पडून कपाळ हातांवर. पोट जमिनीने अडवलेलं असल्यामुळे हवा कुशीत आणि कंबरेच्या मागच्या बाजूला शिरते, तेवढंच जाणवून घ्यायचं. मग उभं राहून दोरीची परीक्षा. बेंबीच्या पातळीला साधी दोरी बांधायची, श्वास सोडल्यावर एक बोट सहज आत जाईल इतकी सैल. श्वास भरला की ती पुढून, दोन्ही कुशींना आणि मागून सारखी काचली पाहिजे. सुरुवातीला ती बहुधा फक्त बेंबीवर काचते. मग कुशी भरतात. पाठ सगळ्यात शेवटी.

आठवडा २. डेड बग (उताणं पडून हात-पाय वर धरायचे, मग एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचा), ३ सेट म्हणजे फेऱ्या, प्रत्येक बाजूला ६ रेप म्हणजे आवर्तनं. पाय लांब करताना सावकाश श्वास सोडायचा. कंबर जमिनीवरून सुटली की ती रेप धरायची नाही.

‘पोट आवळणं’ हा शब्द फसवा आहे. बेंबी आत ओढली की पोटाचा घेर कमी होतो आणि आधारही. त्यापेक्षा बोटं कुशीत रोवून एकदा खोकून पाहा. बोटं बाहेर ढकलली जातात ना? ती पकड. तीच न खोकता धरायची. दुसरी चूक कुंथण्याची: सगळा जोर खाली गेला की ओटीपोटाच्या तळावर ताण येतो. जोर चहूबाजूंनी बाहेर हवा.

आठवडा ३, ४० किलो, ५ सेट × ५. पहिला श्वास बार रॅकवरून (बार ठेवायच्या चौकटीवरून) उचलण्याआधी. दोन-तीन पावलं मागे, पाय स्थिर, श्वास सोडला. आता नवा श्वास, पण काठोकाठ नाही. पाऊण भरला की पुरे. अगदी ठासून हवा भरली तर बरगड्या वर उचलल्या जातात, कंबरेत बाक येतो आणि पोटाची पुढची भिंत ताणून कमजोर पडते. हवा आत, पोट ताठ, घसा बंद, मग खाली. वर येताना सगळ्यात जड टप्पा ओलांडला की दातांतून ‘स्स्’ करत थोडी हवा सोडायची; उरलेली सरळ उभं राहिल्यावर.

हवा बैठकीच्या तळाशीच सुटली तर बाजूने काढलेल्या व्हिडिओत लगेच कळतं: कुल्ले आधी वर जातात, छाती मागे राहते. मणक्याला पुढून आधार देणारा दाब गेला की धड वाकणारच.

आठवडा ४, ५० किलो, ४ × ५. चक्करेचा प्रश्न इथे येतो. घसा बंद करून जोर लावण्याच्या या पद्धतीला वाल्साल्वा म्हणतात. त्यात रक्तदाब प्रचंड चढतो: १९८५ सालच्या एका अभ्यासात अनुभवी शरीरसौष्ठवपटूंचा दाब थेट धमनीत मोजला होता, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये (पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावर) सरासरी कमाल ३२०/२५० मिमी पारा भरला. श्वास सोडल्यावर दाब क्षणभर कोसळतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून एका श्वासात एकच रेप, मध्ये उभं राहून एक-दोन श्वास, आणि शेवटच्या रेपनंतर बार रॅकमध्ये ठेवला तरी हात रॅकवरच. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखायचा नाही. वजन हलकं, जोर लावताना उच्छ्वास, आणि आधी डॉक्टरांचा सल्ला.

आठवडा ५. स्क्वॉट तसाच, सोबत डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं. वाकल्यावर पोट मांड्यांत दबतं, म्हणून श्वास उभ्यानेच भरून मग खाली वाकून बार धरायचा. मात्र खाली रेंगाळलं तर श्वास धरून ठेवणं जड जातं. दोन-तीन सेकंदांत उचललंच पाहिजे. ओव्हरहेड प्रेसमध्ये (बार डोक्यावर ढकलताना) बरगड्या वर निसटतात. कुल्ले घट्ट केले की बऱ्याच आवरतात.

आठवडा ६, ६० किलो, ३ × ५, शेवटच्या सेटला बेल्ट (वजन उचलताना कंबरेला बांधायचा रुंद पट्टा). आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमांत बेल्ट जास्तीत जास्त १० सेंमी रुंद आणि १३ मिमी जाड चालतो. दोरीचाच नियम इथेही: सोडलेल्या श्वासाला एक बोट आत. त्याहून घट्ट केला तर हवा पुन्हा छातीत चढते. बेल्ट पोट धरत नाही, पोटाने त्याच्यावर रेटायचं असतं. नुसता बांधून उभं राहणं म्हणजे शोभेचा पट्टा.

पुढची नोंद: ६२.५ किलो, ३ × ५, बेल्टशिवाय. त्याआधी दोरी पुन्हा बांधून पाठीमागे काचते का, ते पाहणं.