सिडनीनंतरची आठ वर्षे

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या गावच्या आखाड्यात, दिवसभर डवरणी-निंदणाची कामे आटोपून आलेल्या मुलांची गर्दी असते. त्यांना दाखवण्यासाठी गेल्या वर्षी मी मोबाइलमध्ये बुवैसार सैतिएव यांच्या कुस्त्या भरून नेल्या. 2 मार्च 2025 रोजी, वयाची पन्नाशी अवघ्या नऊ दिवसांवर असताना रशियाकडून खेळणारा हा चेचेन मल्ल गेला, तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहावे असे मनात होते.

सैतिएव यांचा जन्म 1975 साली दक्षिण रशियातील दागेस्तानमधील खासाव्युर्त या गावी, चेचेन कुटुंबात झाला. पुढे हजारो किलोमीटर दूर, सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे दिमित्री मिंदियाश्विली या वस्तादांच्या हाताखाली ते तयार झाले. 1995 साली ते प्रथम जगज्जेते झाले आणि 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकविसाव्या वर्षी त्यांनी 74 किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी शेजारच्या चेचन्यात युद्ध पेटलेले होते. ते थांबवणारा करार ऑलिंपिकनंतर काही आठवड्यांतच, 31 ऑगस्टला, त्यांच्याच खासाव्युर्तमध्ये झाला. घराजवळ असे दिवस चालू असताना जगाच्या गादीवर (मॅटवर) इतक्या सैल अंगाने उभे राहणे त्यांना कसे जमले असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

सैल अंग हेच त्यांच्या कुस्तीचे मर्म होते. शरीर उंच, हातपाय लांब, आणि बघणाऱ्याला दडपण वाटावे असे पीळदार स्नायू मुळीच नाहीत. पटासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय धरण्यासाठी, झेप घेण्याची घाई ते करीत नसत. प्रतिस्पर्ध्याच्या बगलेत हात घालून, मनगट धरून, त्याला इकडून तिकडे चालवीत असत, आणि एखाद्या पायावरचा त्याचा भार हलका झाला की नेमक्या त्याच क्षणी तो पाय आपल्या पायाने झाडून काढीत असत. आमचे वृद्ध वस्ताद पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “घाई नोको करू, पाय हलका व्हाची वाट पाह्य, हेच त मी सांगतो ना बाप्पा!”

मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट सिडनीत दिसते. 1997 आणि 1998 ही दोन्ही वर्षे जगज्जेतेपद मिळवलेले सैतिएव 2000 साली सिडनीत उतरले, तेव्हा ते हरतील असे फारसे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या काळी प्रत्येक वजनगटातील मल्लांचे लहान गट पाडत आणि त्यांतील केवळ पहिला मल्ल पुढे जाई. अशा लहान गटातच अमेरिकेच्या ब्रँडन स्ले यांनी त्यांना हरवले आणि स्पर्धा तिथेच संपली. त्याच ऑलिंपिकमध्ये धाकटा भाऊ अ‍ॅडम याने 85 किलो गटाचे सुवर्ण जिंकले. एकाच घरात एकाच वेळी आलेला तो आनंद आणि ते दुःख यांचा विचार केला, की माझे मन थोरल्या भावाकडेच जाते.

पुढच्याच वर्षी ते पुन्हा जगज्जेते झाले, नंतर 2003 आणि 2005 सालीही. 2004 मध्ये अथेन्स आणि 2008 मध्ये बीजिंग अशी आणखी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी मिळवली. फ्रीस्टाइलमध्ये तीन ऑलिंपिक सुवर्णे हा मान त्यांच्याआधी सोव्हिएत मल्ल अलेक्झांडर मेदवेद यांनी मिळवला होता. येथे एक बाब सहसा सांगितली जात नाही: अटलांटात कुस्ती सलग पाच मिनिटांची होती, अथेन्समध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या, तर बीजिंगमध्ये दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचा निकाल स्वतंत्र. नियम बदलले की दमाचा हिशेबही बदलतो, आणि संथपणे डाव रचणाऱ्या मल्लाला दोन मिनिटांची फेरी फार अपुरी पडते. तरीही तेहतिसाव्या वर्षी ते जिंकले. त्याच बीजिंगमधील सुशीलकुमार यांच्या कांस्यपदकाचा आनंद आमच्या गावाने साजरा केला, पण सैतिएव यांचे नाव तेव्हा येथे कोणाला ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी वस्तादांनी सिडनीची हरलेली कुस्ती मुलांना दोनदा पाहायला लावली. नंतर एका मुलाने तो पाय झाडण्याचा डाव करून पाहिला, तेव्हा पाऊल लाल मातीत रुतले आणि तो स्वतःच पडला. गादीवर पाऊल सरकते, मातीत ते बोटभर उचलावे लागते, असे सांगून वस्तादांनी त्याला पुन्हा जोडीदारासमोर उभे केले.